गोदामात न मावणारा माल

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांतून निघणारे लोहखनिज चामोर्शी तालुक्यातील कोनसरी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील कारखान्यांत जाते व तेथे त्याचे स्पंज आयर्न होते. या उद्योगाभोवती वाहतूक, दुरुस्ती, भोजनालये आणि निवासव्यवस्था असे सेवाव्यवसाय उभे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या पेढी सांभाळणाऱ्या घरांतील तरुणांनी त्यांत भांडवल घालण्यापूर्वी एक भेद ओळखणे अगत्याचे आहे.

डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी सुरजागड येथे अनेक वाहने जाळली आणि काम थांबले. खनिज डोंगरात तसेच राहिले. ते पुढेही काढता आले. पण काम बंद असताना उभ्या राहिलेल्या मालमोटारीचा दिवस पुन्हा विकता येत नाही. कारखानदार मंदीत माल साठवून ठेवतो. सेवेला गोदाम नाही. रिकामी खोली आणि रिकामी खेप त्याच दिवशी बुडते, हप्ता मात्र चालूच राहतो.

दुसरा भेद गुणवत्तेचा. कारखान्यात सदोष नग फाटकाबाहेर पडण्यापूर्वी बाजूला काढता येतो. सेवा ग्राहकासमोरच घडते आणि तेथेच तिची परीक्षा होते. म्हणून चालक, स्वयंपाकी, मेकॅनिक हाच तेथे माल आणि तोच यंत्र. त्याची निवड, प्रशिक्षण व वेळेवर पगार हा खर्च नसून गुंतवणूक होय.

तिसरा भेद कर्जाचा. उत्पादकाला साठा व येणे यांच्या तारणावर कॅश क्रेडिट मिळते. सेवाव्यावसायिकाकडे साठा जवळजवळ नसतो. त्याची पत नियमित येणाऱ्या रकमेवर आणि करारावर उभी असते. एकाच मोठ्या ग्राहकावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

तथापि सेवेला कारखान्याची शिस्त वर्ज्य नाही. थिओडोर लेव्हिट यांनी 1972 मध्येच सेवेत उत्पादनासारखी आखीव पद्धत आणण्याचा आग्रह धरला होता. मुंबईचे डबेवाले खुणांच्या साध्या पद्धतीवर डबे अचूक पोहोचवतात. काम आखून द्यावे, वागणूक मात्र माणसावर सोपवावी.

थोडक्यात, उत्पादकाने रोज साठावही पाहावी. सेवाव्यावसायिकाने रोज दोन आकडे पाहावेत: आज किती क्षमता रिकामी गेली आणि किती जुने ग्राहक परत आले. सचोटी ही पेढीची जुनी पुंजी आहे. सेवाव्यवसायात तिचा हिशेब महिनाअखेरीस नव्हे, प्रत्येक खेपेला होतो.