ताट, मेंदू आणि मन : कांहीं शास्त्रीय शब्द

मुळशी हें नांव निघालें कीं १९२१ सालचा धरणाविरुद्धचा सत्याग्रह आणि सेनापति बापट हीं महाराष्ट्राला आठवतात. तो लढा भातखाचरांसाठीं होता. कांहीं खाचरें पाण्याखालीं गेलीं; उरलेल्या मावळांत आजहि भात पिकतो, आणि आंबेमोहराचा सुवास पुणेकरांच्या स्वयंपाकघरांत दरवळतो. या भाताच्या ताटाचा माणसाच्या स्मृतीशीं व मनःस्वास्थ्याशीं काय संबंध आहे, तें सांगणारे शास्त्रीय शब्द हल्लीं औषधांच्या वेष्टनांवरून घरोघर पोंचले आहेत. शब्द पोंचले, अर्थ मात्र वाटेंत राहिले. त्यांतील चार-पांच शब्द येथें उलगडावयाचे आहेत.

पहिला शब्द ग्लुकोज. भात व भाकरी पचून त्यांची जी साधी साखर होते ती ग्लुकोज, आणि मेंदूचें मुख्य इंधन तेंच. मेंदू हा शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग. पण माणूस स्वस्थ बसलेला असतांहि शरीराच्या ऊर्जेचा सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू खर्चतो. मात्र सरपण असून काडी नसेल तर चूल पेटत नाहीं. ग्लुकोजच्या बाबतींत काडीचें काम करणारें द्रव्य म्हणजे थायमिन ऊर्फ ब-१ जीवनसत्त्व.

जीवनसत्त्व म्हणजे शरीराला अत्यल्प प्रमाणांत लागणारें, परंतु त्याला स्वतः पुरेसें बनवितां न येणारें द्रव्य. तांदळांतील थायमिन मुख्यतः वरच्या कोंड्यांत व अंकुरांत असतें. उखळांत मुसळानें सडलेल्या तांदळावर कोंड्याचा पापुद्रा थोडाबहुत राहतो. गिरणींत पॉलिश केलेल्या तांदळावरून तो जातो. निव्वळ पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा मिळतांच सुधारतात, हें डच डॉक्टर एइकमन यांनीं जावा बेटावर गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर पाहिलें. १९२९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. थायमिनची अति कमतरता झाली तर माणूस गोंधळतो, आणि स्मृतिभ्रंशहि होतो. सुदैवानें वरण, उसळ व नाचणी ताटांत असतील तर ही वेळ सहसा येत नाहीं.

पुण्याच्या घरांत अधिक जपण्याजोगा शब्द आहे ब-१२. मज्जातंतूंवर मायलिन नांवाचें वेष्टन असतें, जसें विजेच्या तारेवर रबराचें. तें शाबूत ठेवण्यास ब-१२ लागतें. हें सत्त्व निसर्गांत केवळ सूक्ष्म जंतूच निर्माण करतात, आणि माणसाला तें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें. धान्य व भाजीपाला यांचा येथें उपयोग नाहीं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा अभ्यास चालविला. त्यांत सुमारें दोन-तृतीयांश मातांच्या रक्तांत ब-१२ कमी आढळलें. पुढें ज्या मातांत तें फारच कमी होतें त्यांच्या मुलांना नवव्या वर्षीं तपासलें, तेव्हां अवधान व तात्पुरती स्मृति यांच्या चांचण्यांत तीं मागें पडलीं. मातेच्या ताटांतील उणीव लेकराच्या पाटीपर्यंत पोंचते, असा या शोधाचा रोख आहे.

ब-१२ चा जोडीदार फोलेट. तें हिरव्या पालेभाज्यांत व डाळींत असतें. दोघांच्या कमतरतेनें एकाच तऱ्हेचा पंडुरोग होतो, आणि धोका येथेंच आहे. खरी उणीव ब-१२ ची असतां नुसत्या फोलेटच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारतें, घरचीं माणसें निश्चिंत होतात, आणि इकडे मज्जातंतूंची झीज चालूच राहते.

शेवटचा शब्द सेरोटोनिन. त्याला हें नांव १९४८ सालीं मिळालें. मेंदूंत मनःस्थितीशीं संबंध असलेलें हें संदेशवाहक द्रव्य केळ्यांतहि असतें. म्हणून केळें खाल्ल्यानें उदासी जाते, अशी समजूत पसरली आहे. पण रक्त व मेंदू यांमध्यें एक पहारा असतो, आणि अन्नांतील सेरोटोनिनला तो ओलांडतां येत नाहीं. मेंदू तें ट्रिप्टोफॅन या प्रथिनघटकापासून स्वतःच घडवितो. केळें खावें तें भुकेसाठीं. औषध म्हणून नव्हे.

एवढ्या शब्दांचें सार एकच. अन्नाची उणीव मनाच्या आजाराचें सोंग घेऊं शकते, परंतु मनाचा प्रत्येक आजार अन्नाच्या उणिवेंतून उपजत नाहीं. घरांतील आजोबा विसराळू झाले, चिडूं लागले, पायांना मुंग्या येतात म्हणूं लागले, तर “वयच झालें” असें म्हणून स्वस्थ बसूं नये. वाढत्या वयांत ब-१२ नीट शोषलें जात नाहीं. मधुमेहावरील मेटफॉर्मिन बरींच वर्षें घेणाऱ्यांतहि तें घटतें. एका रक्ततपासणीनें उणीव कळते, आणि वेळीं कळली तर ती बहुधा भरून काढतां येते; उशीर झाला तर कांहीं हानि कायमची राहते. उलट, तपासणी निर्दोष आली आणि मन खिन्नच राहिलें, तर केवळ आहारावर विसंबून न राहतां मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. ताट सकस असावें; पण ताटाकडून वैद्याच्या कामाची अपेक्षा करूं नये.