दुखणं कोणत्या बोलीत सांगावं?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुका आहे. तिथे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. १९५९ साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी माणसे आली. त्यांतली काही कुटुंबे १९७२ साली इथे वसली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १९९९ साली.

तिबेट हा उंच, थंड देश. आणि आपला हा झाडीचा मुलूख! इथला वैशाख आपल्यालाच सोसत नाही. डासांचं तर बोलूच नका. त्यात भाषा निराळी. तिबेटीत डोक्याला 'गो' म्हणतात, दाताला 'सो', औषधाला 'मेन'. मग दवाखान्यात सांगायचं काय आणि कसं?

आपलं दुखणं आपण किती परीनं सांगतो पहा. कळ येते. ठणका लागतो. चमक निघते. छातीत जळजळ होते म्हटलं तर डॉक्टर एक समजतात. छातीवर दडपण येतं म्हटलं की ते लगबगीनं उठतात. ज्याला एवढंच म्हणता येतं की 'इधर दर्द', त्याच्या बाबतीत डॉक्टरांना चाचपडावं लागतं.

क्षयाची तपासणी घ्या. त्याला बेडका लागतो, म्हणजे खोल खोकून छातीतून काढलेला कफ. समोरच्याला 'थुंकी' एवढंच कळलं, तर तो तोंडातली लाळ देऊन येतो. त्या लाळेत रोग सापडत नाही. माणूस निर्धास्त घरी जातो आणि घरातल्यांना रोग वाटत राहतो. क्षयाचं औषध साधारण सहा महिने घ्यावं लागतं. हे नीट कळलं नाही, तर बरं वाटताच गोळ्या सुटतात. मग रोग उलटतो आणि त्या गोळ्यांना दाद देईनासा होतो.

आपण म्हणाल, तिबेटी लोक तर हिंदी बोलतात. खरं आहे. हिवाळ्यात ते शहरोशहरी स्वेटर विकतात. पण ती बाजाराची भाषा झाली. भाव सांगता येतो, अंगावरून जास्त जातं हे सांगता येत नाही. घरी राहणाऱ्या म्हातारीला तर तीही येत नाही. मग शाळकरी नातू दुभाषी होतो. आजी त्याच्यासमोर कितीसं सांगणार? बायकांची दुखणी अशीच पोटात राहतात. सोबत एखादी जाणती बाई न्यावी, हे बरं.

तिबेटी वैद्यकाची संस्था १९६१ साली धरमशाळेला पुन्हा उभी राहिली. तिचं नाव मेन-त्सी-खांग. तिबेटी वैद्याला 'आमची' म्हणतात. आपल्याला हसू येईल. पण त्याच्याशी आपल्या भाषेत बोलता येतं, तेव्हा म्हाताऱ्यांना तो खरोखर आमचा वाटत असणार. त्याच्या गोळ्या चालू असतील तर दवाखान्यात तेही सांगावं.

आपलीही माणसं कामाला हैदराबादेकडे जातात. तिथे तापाला 'ज्वरम' म्हणतात. जाण्यापूर्वी असे दहा शब्द कागदावर लिहून घ्यावेत: ताप, ओकारी, हगवण, रक्त, गरोदर, साप चावला. जुन्या औषधाची चिठ्ठी जवळ ठेवावी. गोळी हातात आली की विचारावं, किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर? ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवावं. डॉक्टर रागावले तरी म्हणून दाखवावं.