जुनी मॅन्युअल लेन्स, नवा डिजिटल कॅमेरा : बॉडी कशी निवडाल?



अनेकांच्या घरी कपाटात एखादा जुना रिळाचा कॅमेरा पडून असतो. रीळ आता सहज मिळत नाही, धुऊन देणारेही कमी राहिले. पण त्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र काच आणि धातूची असते. बुरशी लागली नसेल तर ती आजही छान काम देते. मग प्रश्न पडतो, ही लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसेल का?

बसेल, पण बॉडी विचार करून घ्यावी लागते. लेन्स घरचीच असली तरी बॉडीला हजारो रुपये मोजावे लागतात. चुकीची घेतली तर लेन्स बसत नाही, किंवा बसली तरी लांबचं सगळं धूसर दिसतं. असं का होतं ते आधी पाहू.

एक सोपा प्रयोग

एक बहिर्गोल भिंग घ्या. खिडकीकडे तोंड करून भिंग धरा आणि त्याच्या मागे पांढरा कागद धरा. कागद हळूहळू पुढेमागे करा. एका ठरावीक अंतरावर बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर स्पष्ट उमटेल. आता कागद थोडा आणखी मागे न्या. झाड धूसर झालं ना? या अंतरावर फक्त जवळची वस्तू स्पष्ट दिसू शकते.

कॅमेऱ्यात कागदाच्या जागी पूर्वी फिल्म होती, आता सेन्सर आहे. लेन्स जिथे अडकते त्या कडीला माउंट म्हणतात. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असतं. बॉडी निवडताना सगळ्यात आधी हेच अंतर पाहायचं.

जुन्या लेन्सचं अंतर (मिलिमीटरमध्ये):
- निकॉन एफ : ४६.५
- ऑलिंपस ओएम : ४६
- पेंटॅक्स के आणि आट्यांची एम ४२ : सुमारे ४५.५
- मिनोल्टा एमडी : ४३.५
- कॅनन एफडी : ४२

डिजिटल बॉडीचं अंतर:
- कॅनन ईएफ (डीएसएलआर) : ४४
- कॅनन आरएफ : २०
- मायक्रो फोर थर्ड्स : सुमारे १९.२५
- सोनी ई : १८
- फुजी एक्स : १७.७
- निकॉन झेड : १६

नियम एकच

बॉडीचं अंतर लेन्सच्या अंतरापेक्षा कमी हवं. उरलेली जागा ॲडॉप्टर रिंग भरून काढते. उदाहरणार्थ, एम ४२ लेन्स सोनी ई बॉडीवर लावायची आहे. ४५.५ वजा १८ म्हणजे २७.५ मिलिमीटर. एवढ्या जाडीची साधी पोकळ रिंग पुरते.

आता गंमत बघा. कॅननची जुनी एफडी लेन्स कॅननच्याच डीएसएलआरवर नीट चालत नाही. ४२ हे ४४ पेक्षा कमी, म्हणजे लेन्स सेन्सरपासून लांबच राहणार. जवळचं फूल येईल, पण समोरचा डोंगर येणार नाही. मध्ये काच घातलेल्या रिंगा मिळतात, पण त्यांनी चित्राचा दर्जा घसरतो. उलट निकॉनची जुनी लेन्स कॅनन डीएसएलआरवर अडीच मिलिमीटरच्या रिंगने बसते!

मिररलेस की डीएसएलआर?

डीएसएलआरमध्ये आरसा असतो, त्याला जागा लागते. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून वरच्या यादीत त्यांचे आकडे इतके लहान आहेत. जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स त्यांवर बसते.

दुसरा फायदा फोकसचा. मॅन्युअल लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो. मिररलेसमध्ये चित्र मोठं करून पाहता येतं. बऱ्याच बॉडींमध्ये फोकस झालेल्या कडा रंगीत दिसण्याचीही सोय असते. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये असं चित्र मोठं करून पाहता येत नाही.

तरीही दोन अपवाद लक्षात ठेवा. १९७७ नंतरच्या निकॉन एआय लेन्स असतील तर निकॉन डी ७०००, डी ७१०० किंवा डी ७२०० चांगल्या. त्यांत प्रकाशाचं मोजमाप चालतं. डी ३००० आणि डी ५००० मालिकेत लेन्स बसते, पण मोजमाप चालत नाही. एआयच्या आधीची, मूळ रूपातली लेन्स मात्र डी ७००० वर बसवू नका, बॉडीचा भाग मोडू शकतो. दुसरा अपवाद पेंटॅक्सचा. के लेन्स पेंटॅक्सच्या डीएसएलआरवर रिंगेशिवाय बसते.

सेन्सर केवढा हवा?

५० मिमीची लेन्स फुल फ्रेम बॉडीवर ५० सारखीच दिसते. एपीएस-सी सेन्सरवर तीच साधारण ७५ सारखी आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी दिसते, म्हणजे दृश्य अरुंद होतं. चेहऱ्यांचे फोटो काढायचे तर लहान सेन्सरही चालेल. वर्ग, अंगण, गावची जत्रा असं रुंद दृश्य हवं असेल तर फुल फ्रेम बरी. बजेट असेल तर बॉडीतच हाताची थरथर सावरणारी सोय असलेली घ्या. त्यात लेन्सचा आकडा स्वतः भरायचा असतो.

पैसे देण्यापूर्वी

१. लेन्स निघते का पाहा. यशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या कॅमेऱ्यांत ती पक्की असते. जोर लावू नका.
२. लेन्समधून टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी.
३. लेन्स दुकानात सोबत न्या आणि लांबच्या इमारतीवर फोकस करून पाहा.
४. 'लेन्सशिवाय शटर' ही सेटिंग चालू करा. नाहीतर काही बॉडी फोटोच काढत नाहीत.

थोडक्यात, घरी निकॉन एआय किंवा पेंटॅक्स के लेन्स असतील तर त्याच कंपनीची वापरलेली डीएसएलआर परवडते. बाकी सर्वांसाठी वापरलेली मिररलेस बॉडी आणि साधी रिंग. आधी लेन्स ओळखा, मग आकड्यांची वजाबाकी करा आणि शेवटी पाकीट उघडा.

तुमच्या कपाटात कोणती लेन्स आहे? आज काढून तिचं माउंट नक्की पाहा.