लेकरू वाढतंय, आपण बघतोय ना?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून आम्ही बचत गटांच्या समन्वयक ताया बोलतोय. आज हिशोबाच्या वह्या जरा बाजूला ठेवू. आजचा विषय आहे तुमचा पदर ओढत उभं असलेलं लेकरू. एक ते तीन वर्षांचं, दुडूदुडू पळणारं, दिवसभर उच्छाद मांडणारं.

गटाच्या बैठकीला गावात आलो की आम्हाला एक गंमत दिसते. कुणाचा हप्ता कितवा, कुणाकडे किती बाकी, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. पण लेकरू पहिलं पाऊल कधी टाकलं असं विचारलं, की उत्तर येतं, "सरकी लावली तेव्हा असंल," किंवा "पोळ्याच्या आगंमागं." आणि वजन किती, असं विचारलं की, "ते अंगणवाडीच्या ताईला माहीत."

सरकी आणि पोळा हेही कॅलेंडरच आहे, त्यात काही वावगं नाही. पण वजनाचा आकडा ताईइतकाच आपल्यालाही माहीत पाहिजे. आणि त्या आकड्याच्या जोडीला आणखी पुष्कळ गोष्टी असतात. त्या ताईला दिसत नाहीत, कारण त्या आपल्या घरात, ओट्यावर, वावरात घडतात. त्या फक्त आईला, आजीला, मोठ्या बहिणीला दिसतात. त्याच आज सांगायच्या आहेत.

वजनाचा काटा आणि आपला जिल्हा

आपल्या भागाचा यात एक इतिहास आहे. वैजापूर तालुक्यात लहान लेकरं दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि २००२ पासून मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध मोहीम सुरू झाली. त्यातूनच पुढे २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं, तेही आपल्याच शहरात. त्या कामाची पहिली पायरी अगदी साधी होती. एकही लेकरू न सोडता प्रत्येकाचं वजन करायचं आणि काट्यावर दिसेल तेच लिहायचं. कारण लिहिलंच नाही तर दिसत नाही, आणि दिसलं नाही तर कुणी काही करत नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या लेकरांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने खाली आलं.

आता आकडे ध्यानात ठेवायला सोपे करून सांगतो. जन्मताना तीन किलोचं बाळ साधारण पाच महिन्यांत दुप्पट होतं, वर्षाचं झालं की तिप्पट, म्हणजे नऊ किलोच्या आसपास, आणि दोन वर्षांचं झालं की चौपट. उंची जन्मताना सुमारे ५० सेंटिमीटर असते, ती वर्षभरात ७५ च्या जवळ जाते.

यात एक गोष्ट नीट बघा. पहिल्या वर्षात सहा किलो वाढलेलं लेकरू दुसऱ्या वर्षात अडीच-तीन किलोच वाढतं. त्यामुळे त्याची भूकही थोडी कमी झाल्यासारखी वाटते. आणि आपण घाबरतो, "पहिलं कसं गुटगुटीत होतं, आता बघा, काड्या झाल्या." चालायला लागलेलं लेकरू लांबट दिसतंच. काळजी कधी करायची? वजन दोन-तीन महिने एकाच जागी थांबलं, किंवा खाली आलं, तर. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीची रेघ असते. ती रेघ वर चढतेय का, एवढं बघता आलं तरी पुरे. त्यासाठी शाळा शिकलेलीच असायला पाहिजे असं नाही.

अंगणवाडीत दंडाला एक पट्टी लावतात. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा बारीक भरला, तर पट्टी लाल दाखवते. लाल म्हणजे त्याच दिवशी ताईशी आणि डॉक्टरांशी बोलायचं. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे सावध व्हायचं.

पाय, हात आणि पसारा

बहुतेक लेकरं वर्षाच्या आगंमागं स्वतःच्या पायावर चालायला लागतात. कुणी दहाव्या महिन्यात, कुणी पंधराव्या. शेजारणीचं आधी चाललं म्हणून जीव खाली-वर करू नका. अठरा महिने झाले आणि तरी आधाराशिवाय चालत नाही, तर मात्र दाखवायचं. आपल्याकडे लाकडाचा पांगुळगाडा असायचा. त्याला धरून लेकरू उभं राहायचं आणि स्वतःच्या जोरावर ढकलत पुढं जायचं. आता बाजारात चाकाचा गोल वॉकर मिळतो, त्यात लेकरू नुसतं बसतं आणि उंबऱ्यावरून, ओट्यावरून उलटण्याची भीती असते. त्यापेक्षा मोकळी जमीन बरी.

हातांकडे बघा. आधी मूठभर उचलणारं लेकरू आता अंगठा आणि एक बोट वापरून जमिनीवरचा ज्वारीचा एकच दाणा उचलतं. तो दाणा आपल्याला दाखवतं, जणू काय सोनं सापडलं! ही साधी गोष्ट नाही, मैत्रिणींनो. उद्या पेन्सिल धरायची, सुई ओवायची, कापूस वेचायचा, सगळी कामं याच दोन बोटांची.

औरंगपुऱ्याच्या मंडईत भाजी विकणाऱ्या बायकांची लेकरं आम्ही बघतो. दोन वर्षांचं पोर आईच्या पाटीजवळ बसून टमाटे एकीकडे, कांदे एकीकडे लावत असतं. परत सगळं एकत्र करतं, परत लावतं. कुणी म्हणेल रिकामा उद्योग. पण सारखं-वेगळं ओळखणं हाच गणिताचा पहिला धडा. घरात डबे उपसणं, वाटीत वाटी घालणं, झाकण कुठं बसतं ते बघणं, हे सगळं त्याचं शिक्षण आहे. एक खालची फळी त्याच्या नावावर करून टाका. त्यावर स्टीलच्या वाट्या, लाकडी चमचा, प्लास्टिकचे डबे. तुमचा स्वयंपाक होईपर्यंत त्याची शाळा चालू.

आपल्या ताराबाई मोडकांनी हेच ओळखलं होतं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गरीब वस्तीतली लेकरं बालवाडीत येऊ शकत नव्हती, तेव्हा त्यांनी बालवाडीच लेकरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पानं, खडे, शंख-शिंपले, बिया हीच त्यांची खेळणी. म्हणजे महागाचं खेळणं नाही म्हणून आपलं लेकरू मागं पडेल, ही चिंता सोडा.

बोबड्या बोलांचं शास्त्र

मंमं, पापा, बाबा, भूर, माऊ, हम्मा. लेकराचे पहिले शब्द असेच का असतात? म, प, ब हे आवाज ओठ मिटून निघतात. ते काढायला सोपे आणि आईच्या तोंडाकडे बघून दिसतातही. क आणि र जीभ वळायला अवघड, म्हणून काका 'ताता' होतो आणि भाकरी 'भातली'. हे वयाप्रमाणे सुटत जातं. हसू येतं तेव्हा हसा, पण उत्तर देताना आपण शब्द नीटच म्हणायचा. "भातली" म्हटलं की, "हो, भाकरी पाहिजे? ही घे गरम भाकरी." त्याला चुकलास म्हणायची गरजच नाही, कानावर बरोबर शब्द पडला की पुरे.

आणखी एक गंमत. पुष्कळ घरांत मुलगा "मी येते," "मी जेवली" असं म्हणतो. घरातले चिडवतात. अहो, तो दिवसभर आईचं बोलणं ऐकतो, तिचीच भाषा उचलतो. तो किती कान देऊन ऐकतोय याचा हा पुरावा आहे. पुढं आपोआप बदलतं.

साधारण वर्षाला एखाद-दुसरा अर्थाचा शब्द, दोन वर्षांला दोन शब्द जोडून "आई ये," "दूध नको," असं बोलणं यायला पाहिजे. बोलण्याच्याही आधी बोट दाखवणं येतं. चंद्राकडे, शेळीच्या करडाकडे बोट करून लेकरू आपल्याकडे वळून बघतं. त्याला करडू नको असतं. "तुलाही दिसलं ना?" एवढंच विचारायचं असतं. तेव्हा "हां, करडू! कसं उड्या मारतंय!" म्हणायला किती वेळ लागतो? वावरात काम करतानाही हे जमतं. मोबाईलला मात्र हे जमत नाही. तो बोलतो, पण लेकराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वर्षाच्या लेकराला पडदा दाखवूच नये, आणि दोन वर्षांच्या पुढं दिवसात एका तासाच्या आत ठेवावा. दोन वर्षांपर्यंत मेंदूची वाढ मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत होते. असे दिवस परत येत नाहीत.

दीड-दोन वर्षांत 'नको' आणि 'माझं' सुरू होतं. चप्पल उलटी घालीन पण मीच घालीन, घास सांडीन पण मीच खाईन. हा हट्टीपणा म्हणून मारू नका. आपण आईपेक्षा वेगळं माणूस आहोत, हे त्याला नुकतंच कळलेलं असतं. भाकरी खाऊ का, असं विचारण्यापेक्षा "भाकरी दुधात कुस्करू की वरणात?" असं विचारून बघा. निवड त्याची, जेवण आपलं.

नजर ठेवायची ती कुठं

जे कुतूहल लेकराला शिकवतं, तेच त्याला धोक्यातही नेतं. फवारणीचं औषध कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका, आणि उंच, कुलपात ठेवा. पाण्याचं टिपाड, हौद झाकून ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोरं लहानग्याच्या हातात देऊ नका, श्वासनळीत अडकतात. शेंगदाण्याचं कूट करून, भाजी-वरणात मिसळून द्या, वर तेल-तूप चमचाभर. दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एक-दोनदा खाऊ. चहा आणि पुडीतलं कुरकुरीत मात्र नको. त्यानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही.

एका लेकीची गोष्ट

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी वीस महिन्यांची होती. गुटगुटीत, हसरी, वजनाची रेघ वर चढणारी. काळजीचं काही कारणच दिसत नव्हतं. पण त्या आईच्या एक गोष्ट ध्यानात आली. समोरून बोलावलं की पोर धावत येते, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. एकदा पोरीच्या मागं पितळेची परात पडली. घरातले सगळे दचकले, पोर मातीत खेळतच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "हिचा बाप पण उशिरा बोलला होता." हे त्यांनी प्रेमानंच म्हटलं. पण ताईंनी गटाच्या बैठकीत विषय काढला. आशाताईंनी अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाची तारीख सांगितली. तिथून पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी कान तपासले. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. कानाला यंत्र बसलं, बोलण्याचे धडे सुरू झाले. आता ती तीन वर्षांची आहे आणि आईला पाठीमागून हाक मारते.

काट्यावर हे दिसलं नसतं. आईच्या नजरेला दिसलं, आणि तिनं ते बोलून दाखवलं, म्हणून वेळेत झालं. लेकराच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका.

ही लक्षणं दिसली तर त्या तारखेचीही वाट बघू नका, लगेच दाखवा: वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही. दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, एकही शब्द नाही, बोट दाखवत नाही. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, आधी येत होतं ते थांबलं. यात आईचा दोष नसतो, कुणी दिला तर ऐकून घेऊ नका.

गटानं काय करायचं

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आणि शिक्षण आहेच. म्हणून पुढच्या बैठकीपासून एवढं करू. बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानांवर गटातल्या प्रत्येक लहान लेकराचं नाव लिहा. महिन्याला एक ओळ: वजन किती आणि नवीन काय आलं. "गोदावरीबाईचा नातू, दहा किलो, स्वतःच्या हातानं घास खातो." लिहिता येत नसेल तर सांगा, सचिव लिहून घेईल. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो, तोही तिथंच टिपा. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस असतो. वेचणीला, ऊसतोडीला बाहेरगावी जाणाऱ्या बहिणींनी कार्ड सोबत ठेवायचं. तिथल्या अंगणवाडीतही वजन आणि लसी मिळतात.

बैठकीत कर्जाचा विषय होण्याआधी पाच मिनिटं एकमेकींच्या लेकरांच्या गमती सांगा. कुणी काय बोललं, कुणी कशावर रुसलं, कुणी सासऱ्यांची काठी घेऊन घरभर फिरलं. हसणंही होईल आणि कुणाचं काही मागं पडतंय का, तेही दहा जणींच्या कानावर पडेल. पुढच्या महिन्यात आम्ही बैठकीला येऊ तेव्हा हप्त्याच्या आधी तेच पान उघडायला सांगू. तयार ठेवा.