उत्पन्नाची हमी : द्यायची कोणी आणि पुरणार किती?

सरकारने प्रत्येक नागरिकाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, तो काम करो वा न करो, गरीब असो वा श्रीमंत, अशी एक कल्पना गेली काही वर्षे जगभर चर्चेत आहे. तिला 'मूलभूत उत्पन्न' असे म्हणतात. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी काहींना ही गोष्ट दूरची वाटते, तर काहींना ती फुकटेपणाला उत्तेजन देणारी वाटते. परंतु कर भरणारे आपण आणि मंदीत होरपळणारेही आपणच. म्हणून या कल्पनेचा जमाखर्च आपल्या वहीत एकदा मांडून पाहिला पाहिजे.

सरकारी हमी ही महाराष्ट्राला नवी नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. जो मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र. या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. आज आपला दुकानदार वर्षाला जो व्यवसाय कर भरतो, त्याचे मूळ येथे आहे. खेड्यातील मजुराच्या चुलीसाठी शहरातील व्यापारी व नोकरदाराने भार उचलला, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र ही हमी प्रामुख्याने ग्रामीण भागासाठी आणि अंगमेहनतीच्या कामाची होती. पाझर तलाव, बांध, रस्ते, खडी फोडणे अशी ती कामे. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार, शहरातला पिंजारी, शिकलगार, कल्हईवाला, घरी बसून जरीकाम करणारी भगिनी यांना तिचा उपयोग नव्हता. सूत महागले आणि कापडाला उठाव नसला की माग थांबतात. पावसाळ्यात गाद्यांचे काम बसते. हातात कसब असते, पण गिऱ्हाईक नसते. अशा माणसाला मालक नाही म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही, आणि घरात दोन वस्तू दिसतात म्हणून गरिबांच्या यादीत नावही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हे उघडे पडले. केंद्र सरकारने महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने ५०० रुपये घातले. ज्या घरात असे खाते नव्हते, तेथे तेही आले नाहीत. 'यादी नको, सर्वांना द्या' या मागणीचा खरा अर्थ कारागिराला येथे समजतो.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा की, घरबसल्या पैसे मिळाले तर माणसे कामावर येणार नाहीत. याची परीक्षा आपल्या शेजारीच झाली आहे. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही खेड्यांत प्रत्येक प्रौढाला दरमहा २०० व मुलामागे १०० रुपये दिले. पुढे ही रक्कम ३०० व १५० करण्यात आली. लोकांनी काम सोडले नाही. उलट दुसऱ्याकडची रोजंदारी कमी करून स्वतःच्या शेतीत व छोट्या धंद्यात लक्ष घालणारे वाढले. यात कारखानदार बांधवांनी एक गोष्ट ओळखावी. ज्याच्या घरात आठवड्याचे धान्य आहे, तो कामगार उचलीसाठी मिळेल त्या मजुरीवर राबणार नाही. मजुरी थोडी वाढेल. पण तोच कामगार गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारी वेळेवर फेडील आणि ईदेला कापडही रोखीने घेईल. एका दुकानाचा खर्च तो दुसऱ्या दुकानाची विक्री ठरतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. अमेरिकेतील अलास्का राज्यात तेलाच्या उत्पन्नातून १९७६ साली कायम निधी उभारला गेला आणि १९८२ पासून तेथील रहिवाशांना दरवर्षी लाभांश मिळतो. पहिल्या वर्षी तो १,००० डॉलर होता, २०२२ मध्ये ३,२८४, तर २०२४ मध्ये १,७०२. भांडवल शाबूत ठेवून कमाई वाटली, म्हणून हे चार दशके चालले. आपल्याकडे तेलाचे तेवढे उत्पन्न नाही. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत या कल्पनेवर स्वतंत्र प्रकरण आहे. माणशी वर्षाला ७,६२० रुपये, म्हणजे दरमहा ६३५, तेही सुमारे ७५ टक्के लोकांना द्यायचे तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्के खर्च येईल, असा हिशेब त्यात होता. हा पैसा वस्तूंवरील कर वाढवून आणला तर काडेपेटीपासून कापडापर्यंत सर्व महागेल. मग एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखे होईल.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि त्याकडेच सर्वांचे दुर्लक्ष होते. रकमेची किंमत टिकेल काय? इराणने डिसेंबर २०१० मध्ये पेट्रोल, वीज, भाकरी यांवरील सवलती कमी केल्या व बदल्यात जवळजवळ प्रत्येक नागरिकाला दरमहा ४,५५,००० रियाल देणे सुरू केले. त्या वेळी ते सुमारे ४५ डॉलर होत. पाच माणसांच्या घराला हा मोठा आधार होता. तेथेही लोकांनी कामे सोडली नाहीत, असे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसले. पण महागाई भडकत गेली आणि आकडा वर्षानुवर्षे तोच राहिला. सवलत गेली ती गेली आणि हाती राहिलेल्या रकमेत बाजारहाट होईना. २०२२ मध्ये रक्कम वाढवावी लागली, तोवर तिचा कस निघून गेला होता.

हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. महागाई दरसाल ६ टक्के राहिली तर १२ वर्षांत १,००० रुपयांत ५०० चाच माल येतो. रेशनचे पाच किलो धान्य मात्र १२ वर्षांनंतरही पाच किलोच असते. म्हणून 'रोख देतो, रेशन बंद करतो' असा सौदा कोणी पुढे केला, तर तो गरिबाने व कारागिराने स्वीकारू नये.

आमचे मत थोडक्यात असे. उत्पन्नाची हमी असावी, पण चार अटींवर. रक्कम लहान चालेल, मात्र सरकारी नोकराच्या महागाई भत्त्याप्रमाणे ती भावाबरोबर वाढावी. ती कुटुंबाच्या नव्हे, प्रत्येक माणसाच्या नावे मिळावी. तिचा पैसा कोठून येणार हे व्यवसाय कराप्रमाणे कायद्यानेच ठरावे. आणि रेशन, शाळा व दवाखाना यांना हात लागू नये.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेत पात्र भगिनींना दरमहा १,५०० रुपये सुरू झाले. निवडणुकीच्या वेळी अशा रकमांचे आकडे चढत जातात. आपल्या व्यापारी मंडळांनी व कारागीर संघटनांनी आकड्याला टाळ्या वाजवू नयेत. भावाबरोबर रक्कम वाढणार काय आणि पैसा कोठून येणार, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. तोपर्यंत घरातील प्रत्येकाचे बँक खाते असावे आणि आधार, रेशनकार्ड व पासबुकावर नाव एकसारखे असावे. नावातील एका अक्षराच्या फरकानेही हक्काचे पैसे अडकतात.