ओटीपी कुणाच्या मोबाइलवर?

सकाळची सातची वेळ. गॅसवर दूध. एक डोळा दुधावर आणि एक डोळा ओट्यावर पसरलेल्या पेपरावर, असं माझं वाचन गेली वीस वर्षं चाललंय. खुर्चीत बसून निवांत पेपर वाचायचा मान आमच्या घरात 'ह्यां'चा. माझ्या वाट्याला येतो तो घडी मोडलेला आणि चहाचा डाग पडलेला. तरी बातम्या मलाही तेवढ्याच कळतात आणि माझी मतंही असतात. फक्त ती कुणी विचारत नाही, एवढंच. म्हणून म्हटलं, आज तुमच्याशीच बोलावं.

विषय तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या घरात गाजलेला. लाडकी बहीण! २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून कुर्डुवाडीत दाखल्यांसाठी बायकांच्या रांगा लागल्या. वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, वय २१ ते ६५ आणि महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यावर. जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० रुपये राखीपौर्णिमेच्या तोंडावर जमा झाले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्या घरात तेव्हापासून रात्रीच्या जेवणाला हीच भाजी. हे म्हणतात, "सरळसरळ मतं विकत घेतली." धाकटे भाऊजी म्हणतात, "रस्त्याला पैसा नाही आणि हे वाटत सुटलेत." सासूबाई पंच्याहत्तरीच्या. त्यांचं एकच म्हणणं, "पासष्टच्या वरची बाई काय बहीण नसती का?" टीव्हीवरचे चार जण वेगळेच ओरडत असतात. ह्या सगळ्या गोंगाटात पोळ्या लाटणारीला मात्र कुणी विचारत नाही, की बाई, तुला काय वाटतं?

तर मला काय वाटतं ते सांगते. निवडणुकीच्या तोंडावर आलेला पैसा कशासाठी असतो, हे न कळण्याइतक्या आपण दुधखुळ्या नाही. वर्षाला ४६ हजार कोटी खर्च होणार असं तेव्हा सांगितलं गेलं. एवढा पैसा आभाळातून पडत नाही, हेही महिन्याचं घर चालवणारीला सांगावं लागत नाही. २६ लाखांच्या आसपास लाभार्थींचे पैसे २०२५ मध्ये पडताळणीत थांबले. काही हजार पुरुषांनीसुद्धा बहीण होऊन पैसे उचलल्याचं उघड झालं. वाचून हसावं का रडावं कळेना! पण एक गोष्ट मला खटकते. २००८ ला कर्जमाफी झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. तेव्हा सातबारावर नाव बहुतेक बाप्यांचं. कर्जमाफीला कुणी भीक म्हटलं नाही, म्हणूही नये. मग बाईच्या खात्यावर १५०० आले की लगेच 'फुकटची सवय' कशी काय लागते? वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शेतात खुरपणारीला फुकटची सवय?

आमच्या घरात चारचाकी आहे, उत्पन्नही जास्त, त्यामुळे मी काही लाभार्थी नाही. पण अंगणवाडीत बसून मी अडीच-तीनशे अर्ज भरून दिले. तिथं जे पाहिलं ते टीव्हीवर कुणी सांगत नाही. निम्म्याअधिक बायकांना स्वतःचं खातं नेमकं कुठल्या बँकेत आहे ते माहीत नव्हतं. "मालकांना माहीत", "पोराला माहीत", हीच उत्तरं. एका मावशींना बँकेत नावानं हाक मारली, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मी दंडाला धरून म्हटलं, "मावशी, तुम्हालाच बोलावतायत." त्या म्हणाल्या, "अगं बाई, माझंच नाव की! कुणी घेतच नाही, ध्यानात कुठून राहणार?" सगळ्या हसलो. घरी येताना मात्र ते हसू घशात अडकलं.

पहिल्या पैशाचं काय केलं, असं मी नंतर विचारत असे. कुणी चष्मा केला, कुणी वाण्याची उधारी फेडली, कुणी लेकीचा क्लासचा हप्ता भरला. एकीनं काहीच केलं नाही. म्हणाली, "असू दे ताई, खात्यावर आहेत हे बघायलाच बरं वाटतंय." मला वाटतं, ह्या सगळ्या भांडणात खरी गोष्ट ती एकटीच बोलली.

आता येते ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं, सगळ्या बहिणींनी ई-केवायसी करायची. नीट आहे, खोटे लाभार्थी निघायलाच हवेत. पण त्यात अट अशी, की बाईचा आधार क्रमांक आणि तिच्या मोबाइलवरचा ओटीपी झाला, की पुढं नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. कारण काय, तर घरचं उत्पन्न तपासायचं. बँक आपल्याला रोज बजावते, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि इथं दुसऱ्याचा मागून आणायचा.

त्याच सुमारास सीनेला कधी नव्हे एवढा पूर आला. माढा तालुक्यातली काठाची गावं पाण्यात गेली. आम्ही चार-पाच जणी धान्य, चादरी घेऊन फिरत होतो. तिथं मला ती भेटली. नाव सांगत नाही. वय असेल अडतीस. बारा वर्षं माहेरी, भावाच्या घराच्या पडवीत राहते, मजुरीनं शेतात जाते. नवऱ्यानं शहरात दुसरा संसार मांडलाय. ना नांदवलं, ना घटस्फोट दिला, ना पै-पैसा. पुरात हिची पत्र्याची पेटी भिजली. रेशनकार्ड, लग्नातला एक फोटो, सगळ्याचा लगदा झालेला. तो लगदा तिनं पत्र्यावर वाळत घातला होता.

पाणी ओसरल्यावर महिनाभरानं ती कुर्डुवाडीला माझ्याकडं आली. केवायसी अडकलं होतं. केंद्रावरचा मुलगा म्हणाला होता, "लग्न झालंय ना? मग नवऱ्याचं आधार आणा." पुराचं कारण आणि अशाच अडचणी बघून सरकारनं मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विधवांनी मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांनी कोर्टाचा कागद अंगणवाडीसेविकेकडं द्यावा, असंही सांगितलं. पण हिच्याकडं कुठला कागद? हिचा नवरा जिवंत आहे आणि कागदोपत्री हिचाच आहे. टाकलेल्या बाईला दाखला कोण देतं?

शेवटी ती म्हणाली, "ताई, तुमच्या फोनवरनं लावून बघते. माझा नंबर बघून तो उचलत न्हाई." मी फोन दिला आणि आत जाऊन चहा टाकला. पण बोलणं ऐकू येत होतंच. तिनं आधी हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. मग बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "बरं, विचारून सांगते."

त्यानं काय सांगितलं माहितीय? "ओटीपी देतो, पण आधी घटस्फोटाच्या कागदावर सही कर. पोटगी मागणार नाही, असं त्यात लिहून दे."

सहा आकडी नंबर. दहा मिनिटांत बाद होणारा. आणि त्याची किंमत काय, तर बाईचा जन्माचा हक्क!

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात क्षणभर आलंच, की तसंही बारा वर्षांत पोटगी मिळाली कुठं? निदान दीड हजार तरी सुरू होतील. कपबशी तिच्यासमोर ठेवेपर्यंत हेच डोक्यात घोळत होतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "दीड हजारासाठी बारा वर्षांची बाकी सोडू व्हय, ताई?"

मी बीए झालेली, भाषणं देणारी, बचत गटाच्या बैठका घेणारी. आणि हिशेब तिला बरोबर कळला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं माढ्याला कोर्टात गेलो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच आधार. तिथल्या तालुका विधी सेवा समितीत गेलो. कोर्टकचेरीच्या कामात बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. १९८७ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. पण हे किती जणींना माहितीय? पोटगीचं कलम पूर्वी १२५ होतं. जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यात ते १४४ झालंय. नंबर बदलला, हक्क तोच आहे. पोटगीसाठी घटस्फोट व्हायलाच हवा असं नाही. नवरा सांभाळत नाही एवढं पुरतं. तिनं अर्ज केला आणि खाली सही केली. अंगठा नाही, सही. बचत गटात शिकलेली, वेडीवाकडी, पण स्वतःची.

अंगणवाडीताईंकडंही लेखी अर्ज दिला, की मी परित्यक्ता आहे, नवऱ्याचा ओटीपी आणू शकत नाही. ताईंनी घेतला, पोच दिली, "वर पाठवते" म्हणाल्या. त्यांच्या हातात तरी दुसरं काय आहे? तिचे पैसे काही अजून सुरू झालेले नाहीत. कोर्टाच्या तारखा पडतायत. सगळं गोड झालं असं लिहिता आलं असतं तर मलाही आवडलं असतं.

सरकार कुणाचंही असो, मला एक विचारायचंय. ज्या योजनेच्या पहिल्या अर्जात परित्यक्ता हा शब्द तुम्हीच घातलात, तिच्या केवायसीत ती बाई विसरलात कशी? ह्याच महाराष्ट्रानं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलं. १९९४ ला देशातलं पहिलं महिला धोरण आपलंच. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा बायकांना. एवढं सगळं पुढं आणायचं आणि शेवटच्या पायरीवर म्हणायचं, जा, नवऱ्याला विचारून ये? उत्पन्न तपासायचं तर रेशनकार्ड आहे, तलाठी आहे, प्राप्तिकर खातं आहे. तपासा की. पण त्याची किल्ली सोडून गेलेल्या माणसाच्या खिशात ठेवू नका.

आता जरा स्वतःकडं बघते. त्या रात्री भांडी आवरताना सहज मनात आलं, माझ्या आधारचा ओटीपी कुठं येतो? आणि चमकलेच. 'ह्यां'च्या मोबाइलवर! आधार काढायला गेलो तेव्हा नंबर विचारला आणि ह्यांनी स्वतःचा सांगितला. मीही मान डोलावली. माझ्या बँकेला, गॅसच्या पुस्तकाला नंबर ह्यांचाच. तीनशे बायकांचे अर्ज भरणारी मी, आणि माझाच दिवा विझलेला.

चार दिवसांनी जाऊन नंबर बदलून आले. घरी सांगितलं तर ह्यांचा चेहरा उतरला. "विश्वास नाही का माझ्यावर?" म्हणाले. खरं तर माणूस चांगला आहे हो. एका पैशाची लपवाछपवी नाही. म्हणूनच तर बोलणं अवघड. मी म्हटलं, "विश्वास आहे. पण उद्या तुम्ही गावाला गेलात, फोन हरवला, तर मी कुठं उभी राहू?" हे गप्प बसले. मग म्हणाले, "आणि मला कसं कळणार काही आलं तर?" मी म्हटलं, "मी सांगेन ना. इतकी वर्षं तुम्ही मला सांगत आलात, तसंच." सासूबाई आतून म्हणाल्या, "माझाबी नंबर टाकून आण गं." त्यांच्याकडं मोबाइलच नाही!

मैत्रिणींनो, दीड हजार राहतील, वाढतील किंवा बंदही होतील. २१०० चं आश्वासन आपण ऐकलंच आहे. सरकारं येतात-जातात. त्यावर तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल, असायलाच हवं. पण ह्या रविवारी दुपारी भांडी झाली की एवढं बघा. आपलं खातं कुठल्या बँकेत आहे, पासबुक कुणाच्या कपाटात आहे, आधारला नंबर कुणाचा आहे, आणि रेशनकार्डाची, लग्नाच्या दाखल्याची एक झेरॉक्स आपल्या स्वतःच्या पिशवीत आहे का. शेजारी कुणी टाकलेली, एकटी पडलेली बाई असेल तर तिला १८१ हा महिलांचा आणि १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर लिहून द्या. जमलं तर तालुक्याच्या कोर्टापर्यंत सोबत जा. अर्ध्या तिकिटात होतंय.

आणि घरात राजकारणाची चर्चा रंगली की पोळपाटावरून मान वर करून आपणही बोलू या. पोळी एखादी करपली तर करपू दे. बघा, पटतंय का.