पेढीची कीर्द आणि घरचा सर्व्हर

पेढीची कीर्द-खतावणी पूर्वी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे आणि जुन्या वह्या तिजोरीजवळ जपून ठेवल्या जात. आज तोच हिशेब बहुधा दुकानातील एकाच संगणकावर असतो. घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे आणि आजी-आजोबांच्या चित्रफिती कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतात. हार्ड डिस्क कधी बंद पडेल याचा नेम नसतो. आणि जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणूनच अनेक व्यापारी कुटुंबे घरच्या सर्व्हरचा विचार करू लागली आहेत.

घरचा सर्व्हर म्हणजे राउटरला जोडलेला, सतत चालू राहणारा लहान संगणक होय. त्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांची दोन डिस्कची तयार पेटी मांडणीस सोपी असते. जुन्या संगणकावर ट्रूनॅससारखी मोफत प्रणाली बसवल्यास यंत्राचा खर्च वाचतो. मात्र देखभालीला जाणकार माणूस लागतो. विजेचाही हिशेब करावा. २५ वॅटचे यंत्र दिवसरात्र चालल्यास महिन्याला १८ युनिट वीज लागते, तर ७० वॅटच्या जुन्या संगणकाला सुमारे ५० युनिट. यंत्र कोणतेही असो, सोबत यूपीएस हवाच.

येथे एक गैरसमज हमखास आढळतो. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क ‘रेड १’ पद्धतीने जोडल्या, की दोन्हींवर तीच माहिती राहते आणि वापरण्याजोगी जागा ४ टेराबाइटच मिळते. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, हे खरे. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेला हिशेबही दोन्हींकडे तसाच उमटतो. आग वा चोरी झाली, तर पेटीच जाते. ही जोडी म्हणजे बॅकअप नव्हे.

यावर ३-२-१ हा नियम उपयोगी पडतो : माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर. मूळ हिशेब दुकानातील संगणकावर, दुसरी प्रत रोज रात्री सर्व्हरवर आणि तिसरी, सांकेतिक कुलूप लावलेली, सुट्या डिस्कवर बँकेच्या लॉकरमध्ये वा दुसऱ्या गावच्या भावाकडे. ही सुटी डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. जोडलेली नसलेली डिस्क विषाणूच्या हाती लागत नाही.

छायाचित्रे व चित्रफिती घरच्या टीव्हीवर पाहण्यासाठी जेलीफिन हे मोफत साधन पुरेसे आहे. पेढीचा हिशेब आणि मुलांची करमणूक यांची खाती मात्र वेगळी असावीत. सर्व्हर इंटरनेटवर थेट उघडा ठेवू नये. बाहेरून पाहणे गरजेचे असल्यास व्हीपीएन वापरावे.

मांडणी बहुधा घरातील तरुण करतो आणि पुढे शिक्षणासाठी परगावी जातो. म्हणून पासवर्ड व कृती कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. दर तिमाहीस बॅकअपमधील एक जुने बिल प्रत्यक्ष उघडून पाहावे. जे परत मिळवून पाहिलेले नाही, ते सुरक्षित आहे असे धरून चालू नये.